प्लँटेड टँकमधले डिस्कस: पाळणूक आणि खाणं याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिस्कस मासे पाळायला लागल्यापासून हेच प्रश्न मला फोनवर, दुकानात आणि घरी आलेल्या पाहुण्यांकडून पुन्हापुन्हा विचारले जातात. उत्तरं माझ्या टँकमध्ये जे टिकलं त्यावरून दिली आहेत. माझ्या चुकीने काही मासे गेले, त्यांच्यावरूनही बरंच शिकलो, तेही यात आहे.

डिस्कस प्लँटेड, म्हणजे पाण्यात झाडं लावलेल्या टँकमध्ये खरंच राहतात का?

राहतात, आणि तिथे ते जितके सुंदर दिसतात तितके काचेच्या मोकळ्या टँकमध्ये कधीच दिसत नाहीत. अटी दोनच आहेत. मासे वाढलेले हवेत, निदान १२ सेंटिमीटरचे, आणि टँक आधीच रुळलेला हवा, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात तयार झालेले हवेत.

पहिल्या अटीचं कारण खाणं आहे. लहान डिस्कसला दिवसातून चार-पाच वेळा, भरपूर प्रथिनांचं खाणं लागतं. तेवढं खाणं घातलं की उरलेलं झाडांच्या मुळाशी जाऊन कुजतं, सायफन (घाण ओढून काढायची नळी) तिथे पोचत नाही आणि पाणी बिघडतं. पाणी बिघडू नये म्हणून खाणं कमी केलं तर मासा खुरटतो. खुरटलेला डिस्कस लगेच ओळखू येतो: शरीर गोल न होता लांबट राहतं आणि डोळा शरीराच्या मानाने मोठा दिसतो. पुढे कितीही चांगलं खाऊ घातलं तरी तो पूर्ण भरून येत नाही. मी पहिल्यांदा पाच-साडेपाच सेंटिमीटरची सहा पिल्लं थेट हिरव्यागार टँकमध्ये सोडली होती. वर्षभराने त्यातली चार उरली आणि चारही तशीच लांबट. आजही त्या माशांची आठवण झाली की वाईट वाटतं, म्हणून हे सगळ्यात आधी लिहितोय.

पिल्लं घ्यायचीच असतील तर वाळू-झाडं नसलेल्या मोकळ्या टँकमध्ये वर्षभर वाढवा. झाडांचा टँक दरम्यान शेजारी तयार होऊ द्या.

हे मासे मूळचे कुठले?

दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातले. ऑस्ट्रियन मत्स्यशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी १८४० मध्ये या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा हेकेल डिस्कस ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीत सापडतो आणि अंगावरच्या मधल्या जाड पट्ट्यावरून ओळखू येतो. त्या नदीकाठच्या बार्सेलोस गावात शोभेच्या माशांचा उत्सव होतो. त्यात गावाचे दोन गट एकमेकांशी स्पर्धा करतात. एका गटाचं नाव कार्डिनल टेट्रावरून आहे, दुसऱ्याचं डिस्कसवरून. माशावर गावाचं पोट चालतं, तेव्हा त्याला असा मान मिळतो.

आपल्या कामाची गोष्ट अशी की तिथलं पाणी कोमट, मऊ, आम्लधर्मी आणि संथ असतं. पाण्यात पडलेल्या फांद्या आणि मुळांच्या जाळ्यात हे मासे कळपाने राहतात. ताटलीसारखं चपटं शरीर त्या फटींमधून सरकायलाच घडलंय. रंगीत जाती, म्हणजे टर्क्वॉइज, पिजन ब्लड वगैरे, फार्मवर तयार झालेल्या आहेत. त्या पाण्याच्या बाबतीत पुष्कळ सहनशील असतात, पण उष्णतेची आणि कळपाची गरज त्यांच्यातही तशीच आहे.

टँक केवढा आणि मासे किती?

एका वाढलेल्या माशामागे ४० लिटर धरा. पाच-सहा मासे हवेतच, कारण दोन-तीन ठेवले तर त्यातला दांडगा मासा दुबळ्याला कोपऱ्यात कोंडून उपाशी मारतो. कळपात तो त्रास वाटला जातो. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि वीस इंच उंच टँक सहा माशांना पुरतो. उंचीवर काटकसर करू नका, वाढलेला मासा १५ ते २० सेंटिमीटरचा होतो.

२८-२९ अंशांना झाडं मरत नाहीत का?

काही मरतात. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअस हवं आणि बाजारातली बहुतेक झाडं २२ ते २६ मध्ये खुलतात. इथे ठरवावं लागतं की टँक कोणाचा. माझ्या मते टँक माशांचा, आणि झाडं त्यांच्या तापमानात जगतील तीच निवडायची. माशाला २६ वर आणून झाडं वाचवणारे लोक पाहिलेत. सहा महिन्यांत त्यांचे मासे काळवंडून खाणं सोडतात.

भरवशाचं पहिलं झाड म्हणजे ॲमेझॉन स्वॉर्ड. माशाच्याच खंडातलं, रुंद पानांचं, आणि मासे त्या पानांआड निवांत उभे राहतात. ॲन्युबियस आणि जावा फर्न ड्रिफ्टवूडला (टँकमध्ये ठेवायच्या लाकडाच्या ओंडक्याला) दोऱ्याने बांधा. त्यांचा आडवा जाड कंद वाळूत पुरला की कुजतो. क्रिप्टोकोरीन लावल्यावर पंधरा दिवसांत पानं विरघळल्यासारखी गळतात, तेव्हा घाबरून उपटू नका. मुळं जिवंत असतात, नवी पानं येतात. व्हॅलिसनेरिया उष्णता सोसतं, पण फार मऊ आणि आम्लधर्मी पाण्यात रोडावतं. जमिनीवर गालिचा करणारी नाजूक झाडं या टँकमध्ये विसरा.

वर थोडी तरंगणारी झाडं असू द्या. डिस्कसला डोक्यावरचा लख्ख उजेड आवडत नाही. दिवसाला सात-आठ तास मध्यम लाइट पुरतो.

तळाला माती घालायची की वाळू?

बारीक वाळू, दोन-तीन सेंटिमीटरच. डिस्कस तोंडाने पाण्याची फुंकर मारून वाळूतलं खाणं उडवतात आणि मग टिपतात. ते बघण्यासारखं असतं आणि त्याने तळही हलत राहतो. स्वॉर्ड आणि क्रिप्टोकोरीनसाठी मुळाशी खताच्या गोळ्या खुपसा, नाहीतर ही झाडं कुंडीत लावून कुंडी ड्रिफ्टवूडमागे लपवा. कुंडी उचलून खालची घाण काढता येते, हा मोठाच फायदा.

झाडांसाठी मिळणारी तयार खतयुक्त माती पहिले काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडते. ती वापरायची असेल तर मासे यायच्या दोन महिने आधी टँक लावा.

कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर लावू का?

झाडं जोमाने वाढावीत म्हणून काही जण हा वायू पाण्यात सोडतात. वर सांगितलेली झाडं त्याशिवाय जगतात, म्हणून माझं उत्तर सहसा नाही असंच असतं. कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसात. त्यात मासा उष्णतेमुळे जास्त ऑक्सिजन मागतो, आणि वर हा वायू जास्त झाला की मासा गुदमरतो. सिलेंडर लावलाच तर वायू लाइटबरोबर सुरू आणि लाइटबरोबर बंद होईल असा टायमर लावा, आणि रात्री एअर पंप चालवा. सकाळी सगळे मासे वर येऊन धापा टाकताना दिसले तर आधी हवा वाढवा, कारण मग शोधा.

पाणी कोणतं? आरओ लागतंच का?

आधी मोजा. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या धरण-तलावांचं आणि पुण्याला खडकवासला साखळीचं पाणी येतं. हे पावसाचं साठवलेलं पाणी बोअरवेलच्या मानाने बरंच मऊ असतं, आणि फार्मवर वाढलेले डिस्कस त्यात आरओशिवाय मजेत राहतात. बोअरच्या जड पाण्यात मात्र आरओ मिसळावं लागतं. निव्वळ आरओ वापरू नका. त्यात क्षार नसल्यामुळे पीएच कधीही घसरतो आणि झाडंही उपाशी राहतात.

पीएच ६ ते ७ उत्तम, साडेसातपर्यंत चालतो. तो खाली आणायला बाटलीतली रसायनं ओतत बसू नका. आकड्यापेक्षा स्थिरता माशाला जास्त मानवते. ड्रिफ्टवूड आणि सुकलेली बदामाची पानं पाण्याला हळूहळू चहासारखा रंग आणि थोडी आम्लता देतात, तेवढं बास.

क्लोरिन काढणं कधीही टाळू नका. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की क्लोरिनचा डोस वाढतो, तेव्हा अँटी-क्लोरिनचे नेहमीचे थेंब पुरत नाहीत. मी पिंपात पाणी भरून एअर स्टोन लावून चोवीस तास ठेवतो, वर अँटी-क्लोरिनही घालतो.

किती पाणी बदलायचं?

वाढलेल्या माशांच्या झाडं लावलेल्या टँकमध्ये आठवड्यातून दोनदा, दर वेळी ३० टक्के. नायट्रेट २० पीपीएमच्या आत राहिलं पाहिजे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच. पिल्लांच्या मोकळ्या टँकमध्ये रोज ३० ते ५० टक्के. नवं पाणी त्याच तापमानाचं हवं, बादलीत हात घालून अंदाज करू नका, थर्मामीटर लावा.

झाडं नायट्रेट खातात म्हणून पाणी बदलायची गरज नाही, असं सांगणारे भेटतील. हळू वाढणारी ॲन्युबियस-फर्नसारखी झाडं सहा डिस्कसची घाण पचवू शकत नाहीत.

खायला काय घालायचं?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त बोलावं लागतं. डिस्कस फक्त मांस खातो हा समज चुकीचा आहे. नदीत तो शेवाळ, कुजलेला पालापाचोळा, झाडाचे तुकडे आणि पाण्यातले बारीक किडे खातो. तोंड लहान, घास लहान, दिवसभर टिपत राहण्याची सवय. म्हणून थोडं-थोडं, विविध, आणि त्यात हिरवा भाग असलेलं खाणं त्याला मानवतं.

रोजचा पाया म्हणून चांगले, हळू बुडणारे ग्रॅन्यूल्स ठेवा. ते घालायच्या आधी टँकच्या पाण्यात पाच मिनिटं भिजवा. त्याच्या जोडीला फ्रोझन ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) आणि आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव). फ्रोझन वडी थेट टँकमध्ये टाकू नका, वाटीत वितळवा, गाळणीत धुवा आणि मग घाला. वितळलेलं लाल पाणी टँकमध्ये गेलं की फुकट घाण. ब्लडवर्मची काही जणांना ॲलर्जी असते, हात खाजले किंवा शिंका आल्या तर हातमोजे घाला.

नुसतं ब्लडवर्म घालायचा मोह होतो, कारण मासा त्यावर तुटून पडतो. पण ते मुलाला रोज वेफर्स देण्यासारखं आहे, आणि सवय लागली की मासा दुसरं काही तोंडात घेत नाही.

बीफ हार्टशिवाय चालतं का? घरी काय करता?

परदेशातले जुने ब्रीडर बीफ हार्टवर, म्हणजे गाय-बैलाच्या हृदयाच्या मांसावर पिल्लं झपाट्याने वाढवत. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाच्या मांसावर बंदी आहे, आणि झाडं लावलेल्या टँकमध्ये मला ते तसंही नको वाटतं. त्याचे कण आणि चरबी पाण्यात पसरतात. मी कोळंबीवर भागवतो. माझं मिश्रण असं:

सोललेली, धागा काढलेली कोळंबी अर्धा किलो आणि बिनकाट्याचा, कमी चरबीचा मासा पाव किलो, दोन्ही उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढून. कच्ची कोळंबी आणि काही मासे यांच्यात बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं, म्हणून हा उकळत्या पाण्याचा चटका. त्यात मूठभर वाफवलेला पालक, दोन पाकळ्या लसूण, चमचाभर स्पिरुलिना पावडर. सगळं मिक्सरमध्ये फार गुळगुळीत न करता फिरवायचं. १० ग्रॅम चायना ग्रास पाव लिटर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचं, कोमट होऊ द्यायचं आणि घट्ट व्हायच्या आत मिश्रणात ढवळायचं. जिलेटिन वापरलं तर टँकच्या कोमट पाण्यात ते मऊ पडून विरतं, चायना ग्रास टिकतं. झिप पिशवीत पातळ थापून फ्रीझरमध्ये ठेवा आणि रोज हवा तेवढा तुकडा मोडा. दीड-दोन महिन्यांत संपवा.

मीठ, तेल, हळद काहीही घालायचं नाही. हे सांगावं लागतं, कारण करणारे हात स्वयंपाकाचे असतात आणि सवयीने मिठाच्या डब्याकडे जातात.

दिवसातून किती वेळा?

वाढलेल्यांना दोन ते तीन वेळा, पिल्लांना चार-पाच. पंधरा मिनिटांत संपेल एवढंच घाला आणि उरलेलं लगेच सायफनने काढा. मी टँकच्या एका कोपऱ्यात झाडं न लावता वाळूचा मोकळा तुकडा ठेवलाय आणि खाणं रोज तिथेच पडतं. मासे जागा शिकतात. माझे तर सकाळी माणूस स्वयंपाकघरातून येताना दिसला की त्या कोपऱ्यात रांगेने जमतात. या एका सवयीने टँक जितका स्वच्छ राहिला तितका महागड्या फिल्टरनेही राहिला नव्हता.

वाढलेल्या माशांना आठवड्यातून एक दिवस उपास चालतो.

जिवंत ट्यूबिफेक्स घालू का?

नको. हे बारीक लाल किडे गटाराच्या, कुजक्या गाळाच्या पाण्यात वाढतात आणि जंतू-परजीवी घेऊन येतात. स्वस्त असतात आणि मासे आवडीने खातात, म्हणून दुकानात सर्रास मिळतात. जिवंत खाणं द्यायचंच असेल तर घरी आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात फोडा.

नवा मासा आठवडाभर काही खात नाही.

जागा बदलल्यावर आठ-दहा दिवस न खाणारा डिस्कस सर्वसाधारण आहे. लाइट बंद ठेवा, टँकजवळची वर्दळ कमी करा, दिवसातून एकदा चिमूटभर धुतलेलं ब्लडवर्म द्या, न खाल्लं तर काढून टाका. खाणारा एखादा मासा सोबत असेल तर बाकीचे बघून शिकतात.

आणताना एक काळजी: लांबचा प्रवास झाला असेल तर पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साचलेला असतो. पिशवी बंद असताना श्वासाच्या कार्बन डायऑक्साइडने पीएच खाली असतो, त्यामुळे तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून नळीने थेंब-थेंब तासभर पाणी मिसळत बसू नका. बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान सारखं करा आणि मग मासा उचलून सोडा. पिशवीचं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका.

विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसते.

उपाशी माशाचीही तशी दिसू शकते, पण मासा खात असताना किंवा खाणं तोंडात घेऊन थुंकत असताना दिसली तर आतड्यातले परजीवी धरा. मेट्रोनिडाझोल हे त्यावरचं नेहमीचं औषध. मासा खात असेल तर ते खाण्यातून दिलेलं जास्त लागू पडतं. दुखणं लांबलं की डोक्यावर बारीक खड्डे पडतात, तोवर थांबू नका.

एकाच बाजूच्या कल्ल्याने श्वास घेणं, अंग घासणं हे कल्ल्यांच्या परजीवींचं लक्षण, त्यावर प्राझिक्वांटेल.

औषध शक्यतो वेगळ्या मोकळ्या टँकमध्येच. मीठ झाडं जाळतं, तांब्याचं औषध गोगलगायी मारतं आणि वाळूत मुरतं. ५० लिटरचा रिकामा टँक, स्पंज फिल्टर आणि हीटर, एवढं घरात कायम तयार असावं. नवे मासेही तिथेच चार ते सहा आठवडे ठेवायचे.

मासे अचानक काळे पडले, अंगावर उभे पट्टे उमटले.

पट्टे म्हणजे माशाची भाषा. थोडा वेळ उमटून गेले तर भीती किंवा भांडण. दिवसभर काळा, कोपऱ्यात, पंख मिटलेले असं दिसलं तर आधी अमोनिया, नायट्राइट आणि तापमान तपासा, ४० टक्के पाणी बदला. बहुतेक वेळा कारण पाण्यातच सापडतं. पिजन ब्लड जातीत पट्टे उमटत नाहीत, काळे ठिपके वाढतात, तिथे खाण्यावरून ओळखावं लागतं.

सोबत कोण?

कार्डिनल टेट्रा आणि रमी नोज, थव्याने. दोघांना उष्णता चालते. निऑन टेट्राला चालत नाही, दिसायला कार्डिनलसारखा असला तरी. तळाला राहणाऱ्या माशांत स्टर्बाय कोरिडोरस, कारण बाकीच्या कित्येक कोरिडोरसना एवढं कोमट पाणी सोसत नाही. एंजल नको, ते खाण्यावर पुढे धावतात आणि डिस्कस मागे पडतात. काही प्लेको (काचेला चिकटून शेवाळ खाणारे मासे) रात्री डिस्कसच्या अंगावरचा चिकट थर चाटतात, सकाळी कुशीवर गोल ओरखडे दिसतात. असा प्लेको त्याच दिवशी हलवा.

उन्हाळ्यात आणि लाइट गेल्यावर काय?

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हीटर कामाचा नसतो, पाणी आपणच ३४ वर जातं. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. कोकणात, मुंबईत हवा दमट असल्याने तेवढे उतरत नाहीत. बर्फ टाकून झटका देऊ नका, एअर पंप वाढवा आणि खाणं कमी करा.

थंडीसाठी ३०० वॉटच्या एका हीटरऐवजी १५० चे दोन लावा. एखादा चालूच अडकून राहिला तरी मासे शिजत नाहीत, एक बंद पडला तर गारठत नाहीत.

लाइट गेली की पहिलं काम हवा. पॉवर बँकवर चालणारा छोटा एअर पंप आणि एक स्पंज फिल्टर पुरतो. बंद डब्याचा फिल्टर पाच-सहा तास थांबला असेल तर तसाच सुरू करू नका. आतले जिवाणू गुदमरून मेलेले असतात आणि ती घाण टँकमध्ये येते. उघडा, आतला स्पंज टँकच्या पाण्यात खंगाळा, मग लावा.

चार दिवस गावाला जायचंय.

उपाशी ठेवा. वाढलेल्या निरोगी माशांना काही होत नाही. शेजाऱ्यांच्या हातात डबा देऊन जाणं जास्त धोक्याचं, प्रेमाने जास्त घातलं जातं. आठवड्यापेक्षा जास्त जायचं असेल तर रोजच्या पुड्या बांधून त्यावर वार लिहून ठेवा आणि मुख्य डबा कपाटात.

जोडीने झाडाच्या पानावर अंडी घातली. आता?

अभिनंदन. बहुधा स्वॉर्डच्या रुंद पानावर किंवा फिल्टरच्या पाइपवर असतील, आधी दोघं मिळून ती जागा तोंडाने साफ करताना दिसले असतील. अंडी दोन-अडीच दिवसांत फुटतात, आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं पोहू लागतात आणि थेट आईबापाच्या अंगाला लागतात. दोघांच्या कातडीवर त्या काळात जो चिकट रस येतो, तोच पिल्लांचं पहिलं अन्न. एक थकला की अंग झटकून पिल्लं दुसऱ्याकडे सोपवतो.

एवढे मासे असलेल्या टँकमध्ये मात्र पिल्लं वाचत नाहीत, टेट्रा एका रात्रीत फडशा पाडतात. पिल्लं वाढवायची असतील तर जोडीला वेगळ्या मोकळ्या टँकमध्ये न्या, मऊ पाणी द्या आणि अंडी घालायला मातीचं मडकं उलटं ठेवा. पहिल्या दोन-तीन वेळा जोडी आपलीच अंडी खाते. जोडी तोडू नका, टँकसमोर कपडा लावा आणि रात्री एक मंद दिवा चालू ठेवा, म्हणजे अंधारात पिल्लांना आईबाप सापडतील.